रात्री दोन वाजता कोण रडत होतं?

देसाई काका १०४ (सकाळी ६:१२): रात्री दोन ते साडेतीन बी विंगमध्ये मूल रडत होते. सलग तिसरी रात्र. मला पहाटेची एसटी धरायची असते. कोणाचे आहे त्यांनी बघावे. राग नाही.

सचिन ३०४: काका, राग नाही म्हणताय तर तिसरी रात्र मोजलीत कशी 😄

मृण्मयी २०४: काका, माझीच अन्वी. माफ करा. कान दुखतोय तिचा. उभं धरलं की गप्प, खाली ठेवलं की किंचाळते. हे गोव्याला, शनिवारी येणार. मीही तीन रात्री झोपलेली नाही, तेही मोजा.

देसाई काका १०४: मला माहीत नव्हते. फक्त विचारले.

प्रभू ३०२: सर्वांना नम्र विनंती. बी विंगच्या टाकीचे झाकण आठ दिवस उघडे आहे. पावसाचे पाणी आत जाते. लहान मुलांचे कान यामुळेच बिघडतात.

सावंत काकू २०१: गो मृण्मयी, लसणीची पाकळी खोबरेल तेलात तापवन दोन थेंब कानात घाल. आमच्या चारय पोरांक तसाच केला, कोण भैरो झालो नाय.

सचिन ३०४: काकू, विजूदादा हाक मारली तर अजून ओ देत नाही.

सावंत काकू २०१: तो बायलेक भियान गप ऱ्हवता. तू गप रव.

स्नेहल १०२: काकू, राग मानू नका, पण तेल नको. वॉर्डात अशी मुलं रोज बघते. दुखणं पडद्याच्या आतल्या बाजूला असतं, तेल तिथवर पोचत नाही. आणि पडद्याला भोक पडलं असेल तर तेल आत जाऊन भलतंच होईल. अंगावरचं दूधही कानात पिळू नका, तेही सांगतात लोक.

स्नेहल १०२: प्रभू काका, टाकीच्या पाण्याने हे होत नाही. विहिरीत पोहून कान दुखतो तो बाहेरचा कान, वेगळा. हिला आधी सर्दी होती ना? नाकाच्या मागून कानात एक नळी जाते. लहान मुलांची ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत सुजून बंद होते, आत पाणी साठतं, मग पू. आडवं केलं की दाब वाढतो, म्हणून रात्री रडतात.

प्रभू ३०२: तरीही झाकण उघडे आहे हे सत्य आहे.

मृण्मयी २०४: स्नेहल, परवा दाखवलंय गं. पडदा लालभडक आहे म्हणाले. तापाचं औषध अडीच एमएल लिहिलंय, अँटिबायोटिक पण. ताईने तिच्या मुलाची उरलेली तापाच्या औषधाची बाटली दिलीय, तीच देतेय, चालेल ना?

स्नेहल १०२: बाटलीवर बघ, पाच एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम आहे की २५०. हा घोळ खूप होतो. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम. अन्वी नऊ किलो असेल तर साधारण १३५. २५० च्या बाटलीतून अडीच एमएल म्हणजे १२५, बरोबर. १२० च्या बाटलीतून अडीच दिलंस तर निम्माच डोस.

मृण्मयी २०४: १२० ची आहे 🙈 म्हणजे परवापासून निम्माच दिला मी.

स्नेहल १०२: म्हणूनच रडतेय. दुसऱ्याची बाटली ठेवून दे, चिठ्ठीवरचीच आण. दोन डोसांत चार-सहा तास अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. अँटिबायोटिक ताप उतरला तरी मध्येच बंद करायचं नाही. आणि आडवं झोपवून बाटलीने दूध नको.

देसाई काका १०४: आणि धूर? बंबाचा धूर बंद करा म्हणून मी मागच्या एजीएमला बोललो होतो. सर्व हसले होते.

सावंत काकू २०१: आता माझ्यावर इला!! बंबात सोडणां जाळूचा नाय तर गॅस कोण भरतलो? चाळीस वर्सां जाळतंय.

देसाई काका १०४: चाळीस वर्षे धूर आमच्याच खिडकीत येतो.

सावंत काकू २०१: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

नाईक सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक विषय टाळावेत 🙏

स्नेहल १०२: धुराने कानाचा त्रास वाढतो हे मात्र खरं. चुलीच्या, आणि जिन्यात कोण विड्या ओढतं त्यांच्याही.

सचिन ३०४: एकदम शांतता 🤐

प्रभू ३०२: झाकण.

मृण्मयी २०४ (दुसऱ्या दिवशी, सकाळी ७:०५): स्नेहल!! उशीवर पिवळा चिकट डाग, कानातून पाणी येतंय. आणि ही टाळ्या वाजवत बसलीय, रडत नाही. घाबरू की नको?

स्नेहल १०२: पडद्याला छोटं भोक पडून पू बाहेर आला, दाब गेला, म्हणून हसतेय. बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं. पण आजच दाखव. बाहेरून मऊ कापडाने पूस, आत कापूस कोंबू नको, डोक्यावरून पाणी नको. कानामागे सूज, कान पुढे ढकलल्यासारखा, मान ताठ, मलूल पडली, असं काही दिसलं तर तडक बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात.

सावंत काकू २०१: बरा झाला तेल घातला नाय ता.

देसाई काका १०४: मी आज रजेवर आहे. गाडी काढतो. साडेनऊला खाली या.

मृण्मयी २०४ (दुपारी १:२०): आलो. सूज नाही. औषध तेच पूर्ण करायचं, दोन दिवसांत फरक नाही पडला तर परत. आत पाणी काही आठवडे राहू शकतं म्हणे, नंतर ऐकू येतंय ना ते बघायचं. नऊ महिन्यांची न्यूमोकॉकलची लस झालीय का विचारलं, कार्ड काका घरी जाऊन घेऊन आले 🙏

देसाई काका १०४: कार्ड फ्रिजवर होते. विशेष काही नाही.

सावंत काकू २०१: मृण्मयी, पेज आणि लोणचा धाडतंय. बंब उद्यापासून सातांक पेटवतंय, तेवा तुझी खिडकी लावन घे. बंद करूचंय नाय.

प्रभू ३०२: सर्वांना नम्र विनंती. टाकीचे झाकण.

सचिन ३०४: काका, लावलं काल. वर दगडही ठेवलाय.

प्रभू ३०२: कोणता दगड?

सावंत काकू २०१: माझ्या तुळशीकडचो दगड खंय गेलो??