जवळिकीचा आकडा खेळाडूला दाखवावा की लपवावा?

वाड्यातला_भाडेकरू

नमस्कार. गेले दीड वर्ष मी नोकरीवरून आल्यावर, ट्वाइन (दुव्यांवर टिचक्या मारत वाचायचे मजकुराचे खेळ बनवण्याचे साधन) आणि त्यात चालणारा शुगरक्यूब हा साचा वापरून, फक्त प्रौढांसाठी असलेला एक मराठी टेक्स्ट गेम लिहितो आहे. कथा सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात घडते. खेळाडू वरच्या मजल्यावरचा चौतीस वर्षांचा भाडेकरू असतो, किंवा भाडेकरीण. ते सुरुवातीला निवडता येते. खालच्या दोन खोल्यांत एक्केचाळीस वर्षांची एक मुद्रितशोधक राहते, जी दिवसा अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशकाकडे काम करते आणि रात्री मुद्रितांचे गठ्ठे घेऊन अंगणातल्या दिव्याखाली बसते. खेळात शृंगाराचे प्रसंग आहेत आणि ते आडपडद्याने लिहिलेले नाहीत. त्याबद्दल मला संकोच नाही, आणि या चर्चेचा तो विषयही नाही.

विषय आहे तो एका आकड्याचा. खेळात ‘जवळीक’ नावाचे एक व्हेरिएबल आहे. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यातून चहा आणून दिला की ते दोनने वाढते, गठ्ठा उचलायला मदत केली की तीनने वाढते आणि तिच्या कामाच्या वेळी गप्पा मारत बसले की एकने घटते. चाळीस झाले की गच्चीवरचा प्रसंग उघडतो. हा आकडा मी डाव्या पट्टीत सतत दिसत ठेवला होता, कारण आपल्या कृतीचा परिणाम खेळाडूला दिसावा, असे माझे मत होते.

मागच्या रविवारी कर्वेनगरला एका मित्राच्या घरी चार जणांनी हा खेळ माझ्यासमोर खेळून पाहिला. त्यांतल्या एकाने तिसऱ्या संध्याकाळीच चहाचे गणित ओळखले. त्यानंतर तो रोज फक्त चहाच आणत राहिला. नवव्या संध्याकाळी ती आपल्या मोडलेल्या लग्नाबद्दल पहिल्यांदा बोलते. तो परिच्छेद लिहायला मला तीन आठवडे लागले होते. त्याने तो वाचलाच नाही. खालच्या दुव्यावर टिचकी मारून तो शेजाऱ्याला म्हणाला, “अजून दोन चहा, मग गच्ची.”

सगळे हसले आणि मीही हसलो, पण घरी येताना मला जाणवले की चूक त्याची नव्हती. मी एका बाईची कथा लिहिली होती आणि वर पिठाच्या गिरणीसारखा काटा लावून ठेवला होता. खेळाडूने काट्याकडेच पाहिले. तेव्हा आकडा लपवावा का, आणि लपवला तर आपण कुठे आहोत हे खेळाडूला कशावरून कळावे, यावर मते हवी आहेत.

जुना_खेळाडू

लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे तत्त्वाची कमी व व्यवहाराची जास्त आहेत.

ट्वाइनचा खेळ शेवटी एक एचटीएमएल फाइल असतो. ज्याला पाहायचे आहे तो ब्राउझरचे कन्सोल उघडून शुगरक्यूबची सगळी व्हेरिएबल्स एका ओळीत वाचू शकतो. त्यामुळे लपवलेला आकडा फक्त सभ्य खेळाडूपासून लपलेला राहतो. बाकीचे तो काढतात, तक्ता करतात, तो तक्ता गटात फिरतो, आणि मग सभ्य खेळाडूही कंटाळून तोच तक्ता उघडतो. चॉइसस्क्रिप्ट या अशाच दुसऱ्या साधनात लिहिलेल्या खेळांत आकडेवारीचे स्वतंत्र पान केव्हाही उघडता येते, आणि त्यामुळे त्यांतली कथा मेली, असे मला कधी वाटलेले नाही.

दुसरे असे की प्रौढांच्या खेळात पुढे काय येणार आहे हे खेळाडूला आधी कळणे हा शिष्टाचाराचा भाग आहे. इन्फोकॉम या कंपनीने 1986 मध्ये ‘लेदर गॉडेसेस ऑफ फोबॉस’ काढला, तेव्हा खेळाडूला सौम्य, सूचक आणि उघड अशा तीन पातळ्यांपैकी एक निवडता येत असे. 1987 च्या पहिल्या ‘लेझर सूट लॅरी’मध्ये वय ताडण्यासाठी मोठ्यांनाच ठाऊक असतील असे सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले जात, आणि त्यांना बगल देण्याची कळही त्यातच ठेवलेली होती. तेव्हाच्या मंडळींनी विनोदाच्या अंगाने का होईना, पण दारावर पाटी लावली होती. तुमचा आकडा हीसुद्धा एक पाटीच आहे. ती काढलीत, तर अंगणात बसून मुद्रिते वाचणाऱ्या बाईबरोबर मी गच्चीवर केव्हा पोहोचलो, हे मला तिथे पोहोचल्यावरच कळेल.

आणि खरे सांगायचे तर तुमची अडचण आकडा दिसण्याची नाहीच. एकच कृती वीस वेळा केली तरी दर वेळी दोन गुण मिळतात, ही ती अडचण आहे. तिसऱ्या चहाला एक गुण आणि सहाव्याला शून्य द्या. प्रश्न तिथेच निम्मा होईल.

उभा_दंड

मी स्वतः मुद्रिते वाचण्याचेच काम करते, त्यामुळे नायिकेचा व्यवसाय वाचून अर्थातच थांबले. रविवारी वाटलेली फाइल एका खेळाडूने मला पाठवली आणि ती मी दोन रात्री खेळले. माझे मत वेगळ्या दिशेचे आहे.

भाडेकरू स्त्री की पुरुष हे तुम्ही निवडू देता, पण निवेदन ‘तू’ने करता. त्यामुळे “तू आलास”, “तू आलीस”, “तू बसतोस”, “तू बसतेस” अशा प्रत्येक क्रियापदापाशी तुम्हाला अट लिहावी लागली आहे, आणि किमान अकरा ठिकाणी ती राहिलेली आहे. सकर्मक क्रियापदांच्या भूतकाळात हा प्रश्न येत नाही, कारण “तू चहा केलास” मधला ‘केलास’ चहाच्या लिंगाप्रमाणे चालतो, करणाऱ्याच्या नाही. पण ‘पिणे’ आणि ‘म्हणणे’ ही क्रियापदे फसवी आहेत. तुमच्या खेळात मी स्त्री निवडूनही सातव्या संध्याकाळी “तू चहा प्यायलास” असे वाचले. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही यातायात नाही. वर उल्लेखलेल्या 1986 च्या खेळात तुम्ही सुरुवातीला पुरुषांच्या प्रसाधनगृहात जाता की स्त्रियांच्या, एवढ्यावर नायकाचे लिंग ठरते आणि पुढे क्रियापदांना त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे ते प्रत्येक ओळीत लागते.

निवेदन ‘तुम्ही’ने केले, तर ही क्रियापदे बहुतेक सुटतात. “तुम्ही आलात”, “तुम्ही बसता”, “तुम्ही प्यायलात” हे दोघांनाही चालते. फक्त “दमलेले” आणि “दमलेल्या” अशी विशेषणे सांभाळावी लागतील. पण मी हे केवळ सोय म्हणून सुचवत नाही. पेठेतल्या वाड्यात नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूला कोणतीही एक्केचाळीस वर्षांची बाई पहिल्या दिवशी ‘तुम्ही’च म्हणेल. मग एखाद्या संध्याकाळी ती नकळत “बस ना” म्हणेल आणि लगेच सावरून “बसा” म्हणेल. त्यानंतर काही दिवसांनी ती सावरणार नाही. डाव्या पट्टीतला आकडा जे सांगतो आहे ते सगळे या दोन शब्दांत येते. शिवाय ते पाहण्यासाठी खेळाडूला मजकूर वाचावा लागतो, पट्टी नव्हे. चहावाल्या मित्राने तो “बस ना” वाचला नाही, तर तो गच्चीचे दार ठोठावत राहील आणि ते का उघडत नाही हे त्याला कळणार नाही. ते मला न्याय्य वाटते.

तेव्हा व्हेरिएबल ठेवा, पण त्याला चार-पाच टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्याला तिच्या बोलण्यातला एखादा बदल बांधा. एका टप्प्यावर ती गठ्ठा बाजूला ठेवून बोलते. आणखी एका टप्प्यावर ती गठ्ठा बाजूला न ठेवताही बोलते, कारण आता तुमच्यासमोर काम करायला तिला संकोच वाटत नाही. हा दुसरा टप्पा जास्त जवळचा आहे, आणि तुमच्या खेळात तर तिच्या कामाच्या वेळी बसले की एक गुण कापला जातो.

सांगलीकर_पुण्यात

‘तुम्ही’पासून ‘तू’पर्यंतचा प्रवास म्हणजे जवळीक, हे समीकरण मला फार सरळ वाटते. माझी आजी आजोबांना साठ वर्षे ‘अहो’ म्हणत होती आणि ते तिला ‘तू’ म्हणत होते. त्यांच्यात जवळीक नव्हती, असे म्हणण्याचे धाडस घरात कोणी करणार नाही. उलट कार्यालयात साहेब शिपायाला ‘तू’ म्हणतो, त्यात जवळीक शोधूनही सापडत नाही. खेळाडू पुरुष निवडला आणि तोच आधी ‘तू’वर आला, तर तो आगाऊपणा ठरेल की सलगी, हे खेळाने ठरवलेले असावे. माझ्या मते ‘तू’ म्हणण्याचा पहिला हक्क तिचा असावा, आणि खेळाडूला तो पर्याय तिने वापरल्यानंतरच दिसावा.

रात्रपाळी

वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे, आणि माझ्या मते ती आकड्याहून गंभीर आहे. गच्चीवर जाण्याचा दुवा उघडल्यानंतरही तिचा होकार तुम्ही फाशावर टाकला आहे. मी तो प्रसंग खेळलो, तेव्हा ती म्हणाली, “आज नको, डोकं फार दुखतंय.” मी आधी साठवलेली सेव्ह लोड करून त्याच क्षणी परत गेलो आणि पुन्हा विचारले, तर ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हसून जिना चढू लागली. डोकेदुखीचा मागमूस नव्हता.

लोड करण्याची सवय खेळाडूंची आहे आणि ती जाणार नाही, हे मला मान्य आहे. पण लढाईच्या खेळात राक्षसाला तिसऱ्या प्रयत्नात मारणे वेगळे, आणि माणसाचा नकार तिसऱ्या प्रयत्नात झिजवणे वेगळे. प्रौढांच्या खेळात ही यंत्रणा खेळाडूला नेमकी तीच गोष्ट शिकवते जी शिकवू नये, मग लेखकाच्या मनात तसे काही असो वा नसो.

उपाय अवघड नाही. शुगरक्यूबमध्ये यादृच्छिक अंकांसाठी बीज देण्याची सोय आहे, आणि ती सुरू केली की लोड केल्यावर किंवा ‘मागे’ बटण दाबल्यावरही तोच अंक येतो. त्याहून बरे म्हणजे फासा काढूनच टाकावा आणि त्या दिवशी तिच्या बाबतीत काय घडले यावरून सकाळीच उत्तर ठरवावे: दिवसभर छापखान्याशी वाद झाला असेल, तर रात्री नकार. मग नकाराला कारण असते, ते कारण दुपारच्या मजकुरात दिसलेले असते, आणि ज्याने वाचले आहे तो त्या दिवशी विचारणारच नाही. नकार आल्यावर संध्याकाळ तिथेच संपवूही नका. नकारानंतर दोघे अंगणात बसून काहीतरी बोलतात, असा चांगला लिहिलेला प्रसंग ठेवा. सध्या नकार आला की पडदा पडतो आणि “दुसऱ्या दिवशी” येतो, त्यामुळे तो शिक्षेसारखा वाटतो.

जुना_खेळाडू

रात्रपाळी यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या आधीच्या मताला त्याने थोडा धक्का बसला हेही मान्य करतो. आकडा चाळीस दाखवणे म्हणजे चाळीसला काहीतरी देणे लागते असे वचन देणे, आणि त्यानंतरचा नकार मग फसवणुकीसारखा भासतो. तरीही पाटीचा माझा आग्रह कायम आहे. आकडा काढा, पण कोणत्या प्रकारचे प्रसंग यावेत आणि कोणते येऊ नयेत हे सेटिंगमध्ये केव्हाही बदलता आले पाहिजे, फक्त सुरुवातीला नव्हे. आणि प्रसंग सुरू होण्याआधी ‘वाचा’ व ‘सकाळपर्यंत वगळा’ असे दोन दुवे हवेत. मला कथा हवी असते. प्रत्येक वेळी सगळे वाचायचे असतेच असे नाही.

वाड्यातला_भाडेकरू

सर्वांचे आभार. दोन आठवडे लागले, पण नवी फाइल तयार आहे.

डाव्या पट्टीतून आकडा काढला आणि त्याचे पाच टप्पे केले. निवेदन ‘तुम्ही’वर आणले; दंड यांनी दाखवलेल्या अकरा चुका गेल्या आणि विशेषणांच्या चार नव्या आल्या, त्या दुरुस्त केल्या. सांगलीकरांच्या सूचनेप्रमाणे ‘तू’ पहिल्यांदा तीच म्हणते. फासा काढला. तिच्या दिवसाचे सहा प्रकार लिहिले आणि रात्रीचे उत्तर त्यांवर बांधले. नकारानंतरच्या अंगणातल्या प्रसंगात ती तुम्हाला मुद्रितातली एक हास्यास्पद चूक वाचून दाखवते. सध्या तरी संपूर्ण खेळात मला हाच प्रसंग सर्वांत जास्त आवडतो.

एका बाबतीत मी कोणाचेच ऐकलेले नाही. चहाचे गुण कमी केले नाहीत, काढूनच टाकले. चहा आता नुसता चहा आहे. चहावाल्या मित्राने नवी फाइल खेळून पाहिली आणि चार दिवस चहा आणल्यावर विचारले, “याचा उपयोग काय?” मी काही बोललो नाही. पाचव्या दिवशी त्याने चहा आणला नाही, तेव्हा तिने विचारले, “आज चहा नाही वाटतं?” आणि तो गडी खुर्चीत सरळ होऊन बसला.

उभा_दंड

नवी फाइल पूर्ण खेळले. एक दोष कळवते. गच्चीवरचा प्रसंग वाचला, तर दुसऱ्या दिवशी ती ‘तू’ म्हणते. पण ‘सकाळपर्यंत वगळा’वरून गेले, तर सकाळी ती पुन्हा ‘तुम्ही’वर आलेली असते. व्हेरिएबल बदलणारी ओळ बहुधा प्रसंगाच्या पॅसेजमध्येच (ट्वाइनमधल्या मजकुराच्या पानात) राहिली आहे. ती दोन्ही दुव्यांच्या आधीच्या पॅसेजमध्ये हलवावी.

जुना_खेळाडू

अरेच्चा, तो दोष होता? मी वगळूनच गेलो होतो. सकाळी ती “चहा घेणार का तुम्ही?” म्हणाली, तेव्हा मला वाटले की तिला रात्रीचा पश्चात्ताप झाला आहे. पुढचे तीन दिवस मी खाली गेलोच नाही.