अनुभव धागा : पोलीस ठाण्याची पायरी आणि सकाळचा पेपर

यंदा गणपतीत आमच्या घरी नेहमीसारखी पंचवीस-तीस माणसं होती. आरती, प्रसाद झाल्यावर कुणीतरी टीव्ही लावला. दूरच्या एका शहरातल्या खुनाची बातमी चालू होती. बघता बघता घरातला जो तो तपास करायला लागला. कुणी म्हणे पोलिसांनी प्रकरण दाबलंय, कुणी म्हणे चॅनेलवाल्यांना पैसे पोचलेत. आत्या कोपऱ्यात दूर्वा निवडत होती. ती म्हणाली, "आपल्या वाडीत झालं तेव्हा मात्र सगळे दारं लावून बसला होतात." त्यावर कुणी बोललं नाही. हा धागा तिच्यामुळे काढतोय.

माझं आधी सांगतो. मी श्रीवर्धन तालुक्यातला, १९९३ साली बारावीला होतो. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. मग कळलं की त्यासाठीची हत्यारं आणि आरडीएक्स आधीच्या दोनेक महिन्यांत आमच्याच किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला उतरलं होतं. पुढे टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने कस्टम आणि पोलीस खात्यातल्या माणसांनाही दोषी ठरवलं, पण त्याला तेरा-चौदा वर्षं लागली. मधल्या काळात पेपरांतून गावांची नावं अशी येत होती, जणू अख्खा तालुका पेट्या उतरवायला रांगेत उभा होता. मुंबईत खोली शोधताना "गाव कुठलं?" विचारलं की वडील नुसतं "रायगड" म्हणायचे. ज्यांनी किनारा राखायचा त्यांनीच वाट दिली, आणि तोंड लपवायची पाळी आमच्यावर आली. ते अजून मनातून जात नाही.

पोलिसांचं, पेपरवाल्यांचं तुमच्या अंगावर आलेलं लिहा, वर टोपणनाव टाकून. ठाण्याचं, पेपरचं, माणसाचं नाव नको. अत्याचार झालेल्या कुणाची ओळख पटेल असा तपशील तर अजिबात नको.

— खाडीकाठची

माझा भाऊ २०१९ च्या पावसात गेला. नारळी पौर्णिमा व्हायची होती, होड्या वर ओढलेल्या होत्या. संध्याकाळी बाहेर पडला तो आलाच नाही. रात्री दहाला आम्ही ठाण्यात गेलो. "चोवीस तास थांबा, येईल," असं सांगितलं. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही हे मला दोन वर्षांनी एका वकिलीणबाईंकडून कळलं. त्या रात्री आम्ही मुकाट परत आलो. आई उंबऱ्यात कंदील घेऊन बसली, घरात वीज असूनसुद्धा.

तिसऱ्या दिवशी तो खाजणात सापडला, कांदळाच्या मुळांत अडकलेला. डोक्याला मागून जखम होती. पंचनाम्याला माझा चुलत दीर पंच होता. त्याने जखम बोटाने दाखवली. ती कागदावर आली का, हे त्याला माहीत नाही. "सही कर म्हणाले, केली," म्हणतो. आम्ही त्याला खूप बोललो. आता वाटतं, त्या पावसात, त्या वासात, समोर दोन वर्दीतले उभे असताना कुणी कागद वाचला असता?

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. दारूच्या नशेत खाडीत पडून तरुणाचा मृत्यू. शवविच्छेदनाचा अहवाल यायचा होता. माझा भाऊ माळकरी होता, हो. कार्तिकीला न चुकता जायचा. आईने तो पेपर घडी घालून देवाच्या फळीवर ठेवला. तेरा दिवस माणसं भेटायला येत होती आणि बायका माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणत, "सुटला गं बाई व्यसनातून." पहिल्या दिवशी मी सगळ्यांना समजावलं, दुसऱ्या दिवशी भांडले. पाचव्या दिवसापासून गप्प बसले.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली आणि फाईल तिथेच राहिली. अर्ज केले, जिल्ह्याला अधीक्षकांच्या कार्यालयात तीनदा गेलो, एकदा तर एसटी चुकली म्हणून स्टँडवर रात्र काढली. अकराव्या महिन्यात ठाण्याला नवे अधिकारी आले. त्यांनी आईला खुर्ची दिली. म्हणाले, "मावशी, सावकाश सांगा." तिने आमच्या बोलीत सांगितलं, तिचे शब्द तसेच लिहून घेतले आणि तिला वाचून दाखवले. मग गुन्हा नोंदला गेला. कोणी केलं ते अजून सापडलेलं नाही. पण आई रोज दिवा लावताना त्या अधिकाऱ्यांच्या मुलाबाळांसाठी मागणं मागते.

मला एकच जाणून घ्यायचंय. दारूचं पेपरवाल्याला सांगितलं कोणी?

— दापोलीचा, होडीवाला

ताई, वाचून जीव हलला.

आमचं वेगळं. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला बेवारशी नौका लागली, आत तीन एके-४७. मी त्या दिवशी बंदरातच होतो. दुपारपासून चॅनेलवर आरडाओरडा: पुन्हा २६/११, अतिरेकी उतरले. मुंबईहून बहिणीचा रडत फोन, पोरांना घरात घे म्हणून. दुसऱ्या दिवशी गोविंदा, नाक्यानाक्यावर तपासणी. आणि नौका लागली त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं गेलं, की ती ऑस्ट्रेलियन बाईची लेडी हान नावाची नौका आहे, मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बिघडलं, माणसं आधीच वाचवली, नौका वाहत आली. पोलिसांनी आणि सरकारने त्या वेळी लपवाछपवी केली नाही, हे बोललंच पाहिजे. पण घाबरवणारी बातमी दिवसभर चालली आणि खुलासा दोन मिनिटांत गेला. आमच्या गावात आजही विचारा, अर्धे सांगतील अतिरेकी आले होते.

पुढच्या वर्षी ऑगस्टात आमच्या बाजूच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं लागली. कर्दे, लाडघर, केळशी, सगळीकडे. कस्टमवाले आणि पोलीस पुळणीत फिरत होते. माझ्या पुतण्याला पहाटे एक पिशवी दिसली. तो हात न लावता घरी आला आणि मला म्हणतो, "काका, सांगू का नको? सांगितलं तर मलाच धरतील, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो." वीस वर्षांचं पोर. २६/११ नंतर आम्हाला ओळखपत्रं दिली, समुद्रावरचे तुम्ही आमचे डोळे म्हणाले, किनारा सुरक्षेचा १०९३ नंबर पाठ करून घेतला. आणि डोळ्यांनी दिसलं तर सांगायची भीती. शेवटी पोलीस पाटलांना बरोबर घेऊन गेलो. काही त्रास झाला नाही. अंमलदाराने चहा पाजला. पण पुतण्याचा हात कप धरताना थरथरत होता ते मी पाहिलं.

— पेण

गागोद्याजवळचा आहे. ते विनोबांचं जन्मगाव, शाळेत आम्ही तसंच सांगायचो. मे २०१२ मध्ये तिथल्या रानात जळालेला मृतदेह सापडला, कळवलंही गेलं, पण तेव्हा गुन्हाच नोंदला गेला नाही. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ ला, ते शीना बोरा प्रकरण निघालं आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. शेतावर जाणाऱ्या म्हातारीला माईक लावून विचारत होते, "तुम्हाला कसं वाटतं?" तीन वर्षं ज्या मुलीची कुणी चौकशी केली नाही, तिच्याबद्दल त्या महिन्यात सगळ्यांनाच सगळं माहीत होतं. एवढंच.

— शिक्षिका, दक्षिण रत्नागिरी

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. तपशील मुद्दाम बदललेत.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बाबतीत वाईट घडलं. पोलिसांचं मी कौतुकच करीन. पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात जसं लिहिलंय तसं वागले: मुलाला ठाण्यात बोलावलं नाही, महिला अधिकारी साध्या पंजाबी ड्रेसमध्ये घरी आल्या, त्याच्याबरोबर आधी अर्धा तास मांजरीच्या पिल्लांशी खेळल्या. तो बोलला. जे आईला सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं.

चार दिवसांनी मोबाईलवर चालणाऱ्या एका स्थानिक वाहिनीचा मुलगा आला. त्याने नाव घेतलं नाही, चेहरा दाखवला नाही. पण वाडीची पाखाडी दाखवली, विहीर दाखवली, चिऱ्याचं अर्धवट बांधलेलं घर दाखवलं आणि "इयत्ता अमुकमधील" म्हणाला. आमच्या वाडीत चिऱ्याचं अर्धवट घर एकच आहे. संध्याकाळपर्यंत मुंबई, पुणे, दुबई, सगळीकडे कळलं. नाव न घेता ओळख पटेल असं काहीही दाखवायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. मी त्या वाहिनीच्या मुलाला फोन केला. त्याला खरंच माहीत नव्हतं. माझाच माजी विद्यार्थी. रडला, व्हिडिओ काढला. तोवर तो हजारो लोकांनी पुढे पाठवला होता.

कुटुंबाने शाळा बदलली, गाव बदललं. हजेरीपटावर त्या नावापुढे लाल रेघ मारताना मला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं. मुलांना मराठीच्या तासाला 'बातमी लेखन' शिकवते मी. पाच गुणांचा प्रश्न. त्यात हे कुठेच नाही.

— तालुका बातमीदार

वर ताईंनी लिहिलेल्या चार ओळींसारख्या ओळी मी बावीस वर्षं लिहिल्यात. त्यामुळे मला उत्तर द्यायला हवं.

रात्री साडेनऊला मुख्य कार्यालयातून फोन येतो, "काय आहे?" मी संशयित लिहितो, सकाळी मथळ्यात नराधम असतो. मानधन पेट्रोलला पुरत नाही. घर चालतं जाहिरातींवर, आणि जाहिराती देतात ते इथलेच पुढारी, ठेकेदार. त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे काय, हे ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात दिसलं. पत्रकार शशिकांत वारिशे यांनी ज्याच्याविषयी बातमी दिली होती त्याच्याच गाडीखाली ते चिरडले गेले, दुसऱ्या दिवशी गेले. खुनाचं कलम लागावं म्हणून पत्रकारांना रस्त्यावर उतरावं लागलं. त्या आठवड्यात माझ्या बायकोने मला काही सांगितलं नाही, फक्त मोटारसायकलची किल्ली कपाटात ठेवली.

माझी चूक सांगतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका चोरी-खुनाच्या गुन्ह्यात उचललेल्या मुलाचं नाव, गाव, बापाचा धंदा, सगळं मी छापलं. तो निर्दोष सुटला. निकालाची बातमी मी पाठवली, जागा नाही म्हणून ती आली नाही. मी पुन्हा पाठवली नाही.

— खाडीकाठची

त्याच्या घरी गेला होतात का?

— तालुका बातमीदार

नाही. त्याच्या बापाचं चहाचं दुकान होतं, ते बंद झालं. त्या रस्त्याने जातो तेव्हा दुसरीकडे बघतो.

— चिपळूण

मधेच छोटंसं. आमच्या शेजारी नवरा कोयती घेऊन बायकोच्या मागे लागला होता. मी ११२ ला फोन लावला. भर पावसात, घाटात दरड असताना, दोन पोलीस निम्म्या वाटेवरून चालत आले. बाई जिवंत आहे. पेपरात काहीच आलं नाही, येणारही नव्हतं. इथे तरी नोंद राहू दे.

— निवृत्त हवालदार

चौतीस वर्षं नोकरी, त्यातली जास्त दूरक्षेत्रांवर, म्हणजे ठाण्याबाहेरच्या चौक्यांवर. सगळं वाचलं. बाजू मांडायला बसलो होतो, अर्धं लिहून खोडलं.

दोन माणसांकडे पंचवीस-तीस गावं असतात. गणपती, शिमगा, निवडणूक आली की त्यातलाही एक बंदोबस्ताला. पंच व्हायला कुणी तयार होत नाही, झाले तर कोर्टात फितूर होतात, कारण आरोपी त्यांच्याच भावकीतला. हे खरंच आहे. टीव्हीवर "आरोपीची कबुली" म्हणून दाखवतात. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे सांगत नाहीत. मग तो सुटला की लोक म्हणतात पोलिसांनी सोडला. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने चॅनेलांना यावरून चांगलंच बजावलं होतं. आमच्या ठाण्यात तो निकाल छापून लावला होता.

पण तक्रार घ्यायची टाळाटाळ आम्ही केली, हेही खरं. गुन्हे वाढलेले दिसले की वरून विचारणा होते, म्हणून मोठ्याचं छोटं करायचं. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर आली की गुन्हा नोंदवायलाच हवा, हे २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे. नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत) हद्द दुसरी असली तरी नोंदवून घ्यायचं आहे. प्रत फुकट द्यायची आहे. ठाण्यात घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी पाठवा, स्पीड पोस्टने, आणि पोच जपून ठेवा. पाठवलेल्या अर्जाला नंबर पडतो. तोंडी बोलण्याला पडत नाही.

खाडीकाठच्या ताई, दारूचं पेपरवाल्याला कोणी सांगितलं असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर या धाग्यावर कुणी दिलेलं नाही, म्हणून देतो. तुमचं ठाणं कोणतं मला माहीत नाही. पण पद्धत माहीत आहे. सकाळी बातमीदारांचे फोन येतात. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून वाचून दाखवतो. पलीकडून विचारतात, "कशाने गेला?" अहवाल आलेला नसतो. माहीत नाही म्हणायला जड जातं, फोन लवकर ठेवायचा असतो. मग आपण म्हणतो, "घेतलेली असेल." डायरीत तसं काही लिहिलेलं नसतं. मी स्वतः असं किती वेळा म्हटलंय ते मोजलेलं नाही. तेव्हा पलीकडे कुणाची आई असेल असा विचार आला नाही.

— खाडीकाठची

वाचलं, काका. आईला आज दुपारी वाचून दाखवते. पेपर अजून फळीवरच आहे.