अनुभव धागा : कोरियाबाहेरच्या कोरियनांना 'गाव कुठलं?' विचारलंत का?

आपल्याकडे ओळख झाली की पाच मिनिटांत 'गाव कुठलं?' येतंच. जन्म डोंबिवलीचा असला तरी उत्तर साताऱ्याचं. कोरियन भाषेतही या 'गावा'साठी शब्द आहे, गोह्यांग. पण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेला कोरियन काय सांगतो? शेजारचे, ऑफिसातले अनुभव लिहा. ऐकीव नको. आणि के-ड्रामाचा धागा वेगळा आहे.

अल्माटीहून : एमबीबीएसला असताना घरमालकीण कोरियन होती. आम्ही 'बाबुश्का' (रशियनमध्ये आजी) म्हणायचो. गाव विचारल्यावर म्हणाली, "उश्तोबे." ते तर कझाकस्तानातलंच! १९३७ साली स्टालिनने रशियाच्या पूर्व टोकाचे सुमारे १ लाख ७२ हजार कोरियन मालगाड्यांत भरून मध्य आशियात आणून टाकले. जपानचे हेर असतील, हा संशय. उश्तोबेला उतरवलेल्यांनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डे खणून काढला. तिची आई त्यांतलीच.

किमचीचा कोबी मिळेना, म्हणून गाजर आलं. बाबुश्का गाजर शेवेसारखं लांब चिरून मीठ-व्हिनेगर चोळायची. वर लसूण, तिखट, कुटलेले धणे आणि त्यावर कडकडीत तेल. चर्र आवाज झाला की मला आईची फोडणी आठवायची. ती एकदा हौसेने सोलला जाऊन आली. तिची जुनी बोली ऐकून दुकानदाराने विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या देशाच्या?" आणि तिचं हे गाजर तिथे कुणाला माहीतच नव्हतं. त्याचंच तिला जास्त लागलं.

ओसाकाहून : ऑफिसातली मैत्रीण तीन वर्षं मला जपानीच वाटत होती, नावही जपानी. एकदा त्सुरुहाशीच्या बाजारात किमचीच्या दुकानात गल्ल्यावर दिसली. आई तिला भलत्याच नावाने हाक मारत होती. कोरिया आधी जपानच्या ताब्यात, म्हणून तिचे आजोबा १९५२ पर्यंत कागदोपत्री जपानी प्रजा, मग परदेशी. ही जन्मली ओसाकात, पासपोर्ट दक्षिण कोरियाचा. गाव? "आजीचं जेजू बेट. माझं..." आणि गिऱ्हाईक आलं. सोमवारी कुठल्या नावाने हाक मारू, विचारलं, तर म्हणाली, "जपानीच. ईमेल आयडी कोण बदलत बसणार!"

लॉस एंजेलिसहून : आमचे कोरियन लॉन्ड्रीवाले काका २९ एप्रिल १९९२ च्या दंगलीवर तासभर बोलतात, तीत कोरियनांची दुकानं जळाली होती. कोरियन लोक तिला तारखेवरूनच 'सा-ई-गू' म्हणतात, चार-दोन-नऊ. गाव विचारलं की मात्र एकच शब्द, "ह्वांगहे." ते आता उत्तर कोरियात आहे.

आन्सानहून (दक्षिण कोरिया) : २०१८ मध्ये तिथे नोकरीला होतो. जवळच 'गोह्यांग माउल' नावाची वसाहत. रशियाच्या साखालिन बेटावरून परतलेल्या वृद्धांसाठी २००० साली उभी राहिलेली. जपानी अमलात कामाला नेलेली ही माणसं १९४५ नंतर तिथेच अडकली. परतायची मुभा १५ ऑगस्ट १९४५ पूर्वी जन्मलेल्यांना, मुलं-नातवंडं मागेच. (मुलांसाठी कायदा लागू झाला पार २०२१ मध्ये.) ओळखीच्या एक आजी बाकावर बसून रशियनमध्ये गप्पा मारायच्या. उन्हाळ्यात एकदा बॅग भरताना दिसल्या. तिखटाची पाकिटं, नूडल्स, नातवाचे मोजे. कुठे निघालात, विचारलं.

"घरी," म्हणाल्या. "येताना तुला काळा पाव आणते. इथला काही खरा नाही."