मदत हवी आहे: चालू फाउंड्रीत सँड रिक्लमेशन प्लांट
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची ग्रीन सँड (ओलसर, मातीमिश्रित वाळूच्या साच्यांची) फाउंड्री आहे. शेकआउटनंतरची (साचा फोडून कास्टिंग काढल्यावरची) जादा वाळू टाकायला आता जागा मिळंना आणि ट्रॉलीचं भाडंही परवडंना, म्हणून वापरलेली वाळू साफ करून परत वापरायला रिक्लमेशन प्लांट बसवायचं पक्कं केलंय. पण लाइन बंद ठेवणं शक्य नाही. साप्ताहिक सुट्टीत थोडं थोडं करून बकेट एलिव्हेटर (वाळू वर चढवणारा), बॅग फिल्टर (धूळ पकडणारा) जोडायचं काम कुणी केलंय का? जुन्या कन्व्हेअरला जोड कुठं दिला?

दुसरं, वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) आहेच, वर कोअरचं (कास्टिंगच्या आतली पोकळी करणाऱ्या वाळूच्या गाभ्याचं) रेझिनही मिसळतं. मेकॅनिकल युनिट कण घासतं, पण रेझिन पूर्ण निघत नाही; थर्मलमध्ये ते जळतं, पण गॅसचा खर्च दिसतोय. (सप्लायरला विचारलं तर दोन्ही एक नंबर!) गोकुळ शिरगाव किंवा कागलकडं कुणाचं चालू युनिट बघायला मिळेल का? रिक्लेम वाळूचा एलओआय (जाळल्यावर वजनात होणारी घट) किती येतो तेही सांगा.