पैसे किती, यापेक्षा कधीपासून?

या चर्चेत वर एकाने म्हटलंय की शिक्षणाच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात भरली आणि बँकेचा दाखला घेतला की यूकेच्या विद्यार्थी व्हिसाचं आर्थिक काम संपलं. अर्धंच बरोबर आहे. ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माझ्या भाचीच्या वेळी हेच झालं. दाजींचा टॉवेलचा धंदा, सुताच्या व्यापाऱ्याला देणं आलं म्हणून त्यांनी बचत खात्यातनं पैसे काढले आणि चौथ्या दिवशी परत भरले. तोवर एकवीस दिवस झाले होते, सगळे वाया! बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर ही २८ दिवसांची अट नसते, म्हणून धंदेवाल्या घरांनी कर्जाचा विचार जरूर करावा.

दुसरी गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. पैसे आईवडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतीपत्र आणि नातं दाखवणारा जन्मदाखला लागतो. भाचीच्या दाखल्यावर तिचं नावच नव्हतं; बारशानंतर ते नोंदवायचं घरच्यांकडून राहून गेलं होतं. मग महापालिकेत खेटे सुरू, ते पण ऐन सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. ताई तर रडकुंडीला आली होती. तेव्हा प्रवेशाचं पत्र यायची वाट बघू नका, दाखला आजच कपाटातनं काढून नीट वाचा.