मदत हवी आहे: सेऊलहून बीटीएसचा बसस्टॉप एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत मी आणि लेक दोघीच सेऊलला चाललोय. लेक कट्टर आर्मी, म्हणजे बीटीएस या कोरियन पॉप बँडची फॅन, त्यामुळे ग्योंगबोकगुंग राजवाडा माझ्या हट्टापायी, बाकी यादी सगळी तिची. व्हिसाचं बघतेय, भारतीय पासपोर्टला के-ईटीए (व्हिसाऐवजीची ऑनलाइन परवानगी) चालत नाही, रीतसर व्हिसाच लागतो, तेव्हा त्यावर लिंका नकोत प्लीज.

घोडं अडलंय ते गांगनंग शहराच्या हद्दीतल्या जूमनजिनच्या बसस्टॉपवर. २०१७ च्या अल्बमच्या कव्हरवर समुद्रकाठी एक बसस्टॉप आहे ना, तो. म्हणजे शूटिंगला उभा केलेला सेट तेव्हाच काढून टाकला होता, मग फॅन्स शोधत यायला लागले म्हणून गांगनंगवाल्यांनी तसाच परत बांधला, आणि लेकीला तिथे फोटो काढायचाच आहे. केटीएक्स या वेगवान ट्रेनने गांगनंगपर्यंत दोनेक तास दिसतात पण पुढे जूमनजिनला लोकल बसने जायचं तर किती वेळ धरायचा? टॅक्सी परवडते का? की सरळ एक रात्र तिकडेच राहावं?

दुसरं म्हणजे हायबच्या (बीटीएसची कंपनी) बिल्डिंगबाहेर नुसतं उभं राहून फोटो काढायला सेऊलमधल्या योंगसानला जाण्यात अर्थ आहे का, आतलं म्युझियम तर २०२३ मध्येच बंद झालंय. मला विचाराल तर नाही, पण माझं कोण ऐकतंय!

आणि जेवण. मी शाकाहारी, अंडंही नाही. ट्रेनी असताना बीटीएसची पोरं जिथे जेवायची ते युजंग शिकदांग नावाचं हॉटेल यादीत आहे आणि तिथली फेमस डिश काळ्या डुकराच्या मांसाची, मी काय भिंतीवरचे फोटो बघत बसू का?

---

प्रतिसाद: ताई, गांगनंगला मुक्काम कराच. सेऊलहून थेट जूमनजिनलाही बस जाते पण जाऊन-येऊन दिवस बसण्यातच जातो, आणि फोटोला रांग असते. सकाळी लवकर गेलात तर लेक खूश. गूगल मॅपवर चालायचा रस्ता नीट दिसत नाही तिकडे, नेव्हर मॅप टाकून घ्या, आणि टी-मनी कार्ड घ्या, बस मेट्रो दोन्हीला चालतं. खाण्याचं म्हणाल तर किमचीत बऱ्याचदा खारवलेला जवळा नाहीतर माशाचा सॉस असतो, आणि साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणीसुद्धा सुक्या मासळीचं, म्हणून नुसतं "मीट नको" सांगून भागत नाही. सेऊलमधल्या इन्साडोंगला बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण मिळतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. महाग आहे पण एकदा जाच. हायब मात्र मी तरी सोडून दिलं असतं.

---

धागाकर्ती: खूप खूप आभार! जवळ्याचं बरं सांगितलंत, मी किमची बिनधास्त खाणार होते. मुक्कामाचं लेकीला सांगितलं तर ती म्हणते मग राजवाडा कॅन्सल करू. आता गांगनंग स्टेशनजवळ दोन बायकांना बरं असं हॉटेल कुणाला माहीत असेल तर सांगा.