५ महिने पाळी नाही, कुठली गोळी घेऊ? अर्जंट

भुईथोडी: दिवाळीनंतर पाळीच नाही आली. मैत्रीण म्हणते पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते ते. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो, फक्त नाव सांगा, ग्राउंड जवळ आलंय.

कोकमसरबत: वय? प्रेग्नन्सी टेस्ट केलीस? रागावू नकोस, पहिलं तेच बघतात.

भुईथोडी: २०. तसलं काही नाही हो.

गवतीचहा: तीळ-गुळाचा काढा घे. माझ्या नणंदेला ४ दिवसांत आली. पपई पण खा.

कोकमसरबत: नणंदेची आठवडाभर लांबली असेल, हिची ५ महिने!!

साडेतीन: पीसीओडीच. मी भात सोडला, ८ किलो उतरले, पाळी सुरळीत. भात सोड.

भुईथोडी: भात तर दिवाळीलाच सोडला, चपाती पण एकच.

ओपीडीतली_ताई: थांबा जरा. ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी चाचणी ना, पळणं न गोळाफेक? किती पळतेस, वजन किती उतरलं?

भुईथोडी: हो. सकाळी ६ किमी, संध्याकाळी ८०० मीटरचे राउंड, रविवारी टेकडी. ५६ होतं, आता ४७. नडगी दुखते, एका ठिकाणी नुसतं बोट टेकलं तरी कळ जाते, पण ते सगळ्यांचंच दुखतं.

ओपीडीतली_ताई: अगं हे सोडून गोळीचं नाव काय विचारतेस! नियमित पाळी ३ महिने थांबली की तपासायचंच. खाणं कमी न पळणं जास्त झालं की मेंदूकडूनच ओव्हरीला निरोप जायचा कमी होतो, इस्ट्रोजेन (ओव्हरीतलं हार्मोन) पडतं, हाडं कच्ची होतात. नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणानं गेलेला बारीक तडा, असू शकतं, पळणं आजच बंद. पण हा माझा अंदाज, प्रेग्नन्सी टेस्ट आणि रक्तातलं टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दुधाचं हार्मोन), एफएसएच (मेंदूकडून ओव्हरीला जाणारं हार्मोन) झाल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. गोळीनं आली तरी मूळ कारण तसंच राहतं.

साडेतीन: सोनोग्राफीत लगेच कळेल की.

ओपीडीतली_ताई: पहिली पाळी येऊन ८ वर्षं व्हायच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवत नाहीत, त्या वयात ओव्हरी एरवीही तशी दिसू शकते. भुई, छातीतून दूध येतं? रोजची काही गोळी?

भुईथोडी: दूध नाही. ॲसिडिटीची घेते, डॉमपेरिडोनवाली. तिचा काय संबंध?

ओपीडीतली_ताई: ती प्रोलॅक्टिन वाढवते, त्यानंही पाळी थांबू शकते. पाकीट डॉक्टरांना दाखव.

बिनबोभाट: ८०० ला टायमिंग किती येतंय? शूज कुठले?

वाटसरू: पुतणी १६ ची, अजून एकदाही आली नाही. तिचंही पळणं बंद करू का?

ओपीडीतली_ताई: काका, ते वेगळं. १५ पर्यंत पहिलीच आली नाही तर दाखवावंच लागतं. दर महिन्याला पोट दुखतं का विचारा, पाळीचं रक्त बाहेर यायची वाट बंद असली तर ते आत साठतं. वेगळा धागा काढा.

भुईथोडी: १२ दिवसांवर ग्राउंड आहे, ते झाल्यावर गेले तर?

कोकमसरबत: आणि नडगी मोडली तर गोळा बसून फेकणारेस? उद्याच जा, आईला घेऊन.